चार गाठींचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. सान्तारकोले गावच्या मैदानावर, खेळाडूंच्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्याला मी लटकलेला असतो. माझं निम्मं आयुष्य देवाच्या कामी गेलं आणि निम्मं फुटबॉलच्या. पण चमत्कार म्हणाल तर तो मी फुटबॉलमध्येच पाहिला. आमच्या फादरना मात्र हे सांगू नका हं!

माझा जन्मच उलट्या पावलांचा. दोर वळणारा कमरेला वाख गुंडाळून मागे मागे चालत गेला, तसतसा मी वळला गेलो. मग एकतीस वर्षं मी चर्चची घंटा वाजवली. वेलियाबाई आणि तिचा नवरा मिळून मला ओढत. एकमेकांकडे बघतसुद्धा नसत, पण ओढ कधी चुकली नाही. पुढे नवरा वारला, घंटेला विजेची मोटर बसली, आणि माझी रवानगी मेणबत्त्यांच्या थोटकांबरोबर कपाटात झाली. तिथे उंदरांनी मला एका जागी कुरतडलं. फार वाईट वाटलं हो!

त्याच वर्षी गावाचा संघ हरत सुटला होता. शेवटचे चार सामने उरले होते. तेही गेले असते, तर संघ खालच्या गटात घसरला असता. बचावाची पद्धत आजोबांच्या काळची. तिघांनी समोरच्या एकेका गड्याला चिकटायचं आणि चौथ्याने सगळ्यांच्या मागे मोकळं उभं राहून निसटलेला चेंडू उडवून लावायचा. तो चौथा म्हणजे ओदोरिको, गावचा पाववाला, वय छत्तीस. अठरा वर्षं ती जागा त्याचीच होती.

प्रशिक्षक एर्मेस म्हणाला, "आता बदलायचं. चौघं एका ओळीत. माणूस राखायचा नाही, जागा राखायची."

"आणि माझ्या मागे कोण?" ओदोरिकोने विचारलं.

"कोणी नाही."

"मग सरळ सांग ना, म्हातारा झालास, घरी बस म्हणून!"

गड्याला चिकटणाऱ्या तिघांपैकी गिल्दो तर उसळलाच. "जागा राखायला मी काय कुत्रा आहे? मला माणूस द्या बुवा!" गिल्दोचं खरंच तसं होतं. एकदा त्याचा गडी पाणी प्यायला मैदानाबाहेर गेला, तर हाही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने बाटली पुढे केली, हा प्यायला, वर आभारही मानले. तेवढ्यात इकडे गोल झाला.

भांडण आठवडाभर चाललं. शेवटी वेलियाबाई मला खांद्यावर टाकून थेट खेळाडूंच्या खोलीत शिरली. ओदोरिको तिचा जावई.

"जावईबापू, पुरे झालं. सगळा गाव मला विचारतो, तुमच्या जावयाचं काय बिनसलंय. हा दोर घ्या, कमरेला बांधा. शेजारचा कुठे चाललाय ते पोटाला कळेल. आम्ही दोघं कसं वाजवायचो?"

एर्मेसने मला चौघांच्या कमरेला बांधलं. एका टोकाला गिल्दो, मध्ये बचावातले उरलेले दोघे, तोनुत्ती भाऊ, दुसऱ्या टोकाला ओदोरिको. उरलेलं माझं शेपूट धरून एर्मेस मागून धावे. पहिल्या दिवशी गिल्दो सवयीने एका गड्यामागे सुटला आणि चौघं एकमेकांवर कोसळले. काय त्या शिव्या! एकतीस वर्षं चर्चमध्ये काढलेल्या माझ्या कानांना त्या नव्याच होत्या.

पण एका गुरुवारी काय झालं कोण जाणे. चेंडू डावीकडे गेला आणि मला हिसका बसलाच नाही. चौघं सरकले, थांबले, पुन्हा सरकले. चार माणसांचा श्वास माझ्या अंगातून एकदमच जात होता. मित्रांनो, मी थरारलो! घंटेचा पहिला ठोका पडण्याआधी मनोऱ्यात जी शांतता असायची, तीच मला त्या चिखलात ऐकू आली. ओदोरिको हळूच म्हणाला, "अरे देवा."

त्यानंतर दोन सामने जिंकले, एक हरला. शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी होती. सामन्यात कमरेला दोर बांधता येत नाही, म्हणून मी बाकावर, एर्मेसच्या मांडीवर होतो. सामना बरोबरीत होता, आणि अगदी अखेरच्या मिनिटाला समोरच्या संघाच्या गड्याने लांब चेंडू मारायला पाय उचलला. ओदोरिकोची टाच मागे वळली. अठरा वर्षांची सवय ती! एर्मेसने मला असं आवळलं की माझा जीव कासावीस झाला.

"वर!" ओदोरिको ओरडला.

आणि तो पुढे आला. चौघंही आले, गिल्दोसुद्धा, आपल्या माणसाला तिथेच सोडून. चेंडूला लाथ बसेपर्यंत त्यांचे दोन गडी ओळीच्या मागे उघडे पडले होते. पंचाचं निशाण वर गेलं. ऑफसाइड! त्यांचा हल्ला तिथेच संपला.

मी तिथे नव्हतो. तरी त्या चौघांमध्ये मी दिसत होतो, मित्रांनो. शपथेवर सांगतो.

शेवटची शिट्टी वाजली, संघ वाचला, तसा ओदोरिको बाकाकडे आला आणि त्याने मला कमरेला बांधलं. बाकीचे तिघे धावत येऊन आपापल्या जागी बांधून घेऊन उभे राहिले. तसेच चौघं चर्चपर्यंत चालत गेले. वेलियाबाई दारातच होती.

"सासूबाई, मोटर बंद करा," ओदोरिको म्हणाला.

तिने बंद केली. त्यांनी मला पुन्हा घंटेला बांधलं. कुरतडलेली जागा टिकेल का, याची मला धास्ती होती. ती टिकली. वेलियाबाईने मला पुढून धरलं, ओदोरिकोने मागून, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता ओढलं.

दुसऱ्या दिवशी मोटर पुन्हा सुरू झाली आणि मी कायमचा या खिळ्यावर आलो. आता नवे खेळाडू माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. घाला बापडे, पण मला उन्हातही ठेवत जा, नाहीतर मी कुजेन. आणि कधी शेजारच्याचं आणि तुमचं पाऊल जुळेनासं झालं, तर मला खाली काढा. चार गाठींची जागा अजून तशीच आहे.