दुपारपुरती आजी

आजी ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आली आणि आल्या आल्या तिनं कपडे बदलायची खोली कुठे आहे ते विचारलं.

"या कोण?" बाळाच्या आईनं जाहिरातवालीला विचारलं.

"आजी. तुमच्या बाळाच्या." जाहिरातवालीनं हातातल्या यादीवर खूण केली. "मॉडेल आहेत हो. फोटोत तीन पिढ्या दिसल्या की बाहेरच्या इंजिनिअर लोकांना भरवसा वाटतो. तशी पाहणीच केलीय आम्ही."

ती लेकीला छातीशी धरून जागच्या जागी उभी राहिली. लेक तीन महिन्यांची. दुपट्यात इतकी घट्ट गुंडाळलेली असायची की घरात तिचं नावच गठुडं पडलं होतं. आणि या गठुड्याची खरी आजी समुद्रापलीकडे बॅग भरून, व्हिसाच्या तिसऱ्या अर्जाचं उत्तर कधी येतं याची वाट बघत बसली होती.

चार वर्षांपूर्वी ती या देशात आली ती सरकारच्याच बोलावण्यावरून. यांना कॉम्प्युटरची माणसं हवी होती. वयाला गुण, शिक्षणाला गुण, भाषेला गुण. शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी मिळवून ती आली होती. "मुलगी बघायला येणारे तरी इतकं विचारत नाहीत गं," आई तेव्हा हसून म्हणाली होती. इथे ती सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायची. नवरा तिला टेस्टरबाई म्हणायचा. त्याचा इथे राहायचा परवाना तिच्या परवान्याला बांधलेला. "मी म्हणजे तुझं हातातलं सामान," तो म्हणायचा, आणि दोघं हसायचे.

गठुडं झालं आणि हसणं थोडं कमी झालं. बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची, आणि पाळणाघराची रांग पुढच्या वर्षापर्यंत गेलेली. रजा संपल्यावर कामावर गेली नाही तर परवाना रद्द. आई आली असती तर सगळं निभलं असतं. पण दोनदा अर्ज केला, दोनदा एकच उत्तर आलं: भेटीची मुदत संपल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल याची खात्री पटत नाही. अर्जदार विधवा, नोकरी नाही, एकुलती एक मुलगी इथे. ज्या कारणासाठी आई हवी होती, नेमक्या त्याच कारणासाठी ती नको होती.

म्हणून तर ती आज बाहेरची माणसं बोलावणाऱ्या सरकारी खात्याच्या या फोटोला आली होती. ऑफिसातली एचआरवाली म्हणाली होती, "अगं, खात्याचे साहेब स्वतः येणारेत. बोलता बोलता आईंचा विषय काढ की."

आजी तयार होऊन आली. खांद्यावर शाल, डोळ्यांवर बिनकाचेचा चष्मा, आणि अंगाला असलं काही उग्र अत्तर की दोन हातांवरूनच डोळे चुरचुरले. तिनं गठुडं घेतलं ते भाजीची पिशवी घेतल्यासारखं.

"मान धरा! मानेखाली हात!" गठुड्याची आई पुढे धावली.

"मला मुलांची सवय नाही हो," आजी कानकोंडी होऊन म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी कवळीच्या जाहिरातीत होते."

"छान, हलू नका!" फोटोवाला ओरडला. "आता तुम्ही. आईकडे बघून हसा. हां, तुमच्या आईकडे."

ती हसली.

साडेपाचला आजीनं चष्मा डबीत ठेवला, गठुड्याकडे वळूनही न बघता कागदावर सही केली आणि ती निघून गेली. साहेब कागदी पेल्यातून कॉफी पीत उभे होते. तिनं सगळा धीर गोळा केला.

"साहेब, माझी खरी आई आहे. तिचा अर्ज तिसऱ्यांदा..."

"अरे वा!" साहेब प्रसन्न झाले. "मग हा फोटो त्यांना जरूर पाठवा. बरं वाटेल त्यांना."

"तसं नाही. तिला व्हिसाच देत नाहीत."

"भेटीचे अर्ज दुसरं खातं बघतं," साहेब तितक्याच प्रसन्नपणे म्हणाले. "आमचं काम फक्त बोलावण्याचं."

घरी येऊन तिनं गठुड्याला पाजायला घेतलं, तर जावळातून भपकन तो वास आला. अत्तर, पावडर आणि परक्या घामाचा वास. तिनं लेकीला अंघोळ घातली. पुसून जवळ घेतलं, तर मानेच्या वळीत तो आहेच. पुन्हा पाणी गरम केलं.

"अगं, साल काढतेस की काय तिची?" नवरा म्हणाला.

"मी हसले रे," ती म्हणाली. "त्यांनी एकदाच सांगितलं, आणि मी लगेच हसले."

त्यानं टॉवेल उलगडून पुढे धरला.

दीड महिन्यानं तिसरं उत्तर आलं. तेच वाक्य, स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता. त्याच दिवशी गठुड्याला लस टोचायला नेताना बसथांब्याच्या काचेत, दिव्यांच्या उजेडात ती स्वतःलाच दिसली. माणसाएवढी, हसणारी. शेजारी शालवाली आजी, आजीच्या हातात गठुडं, आणि वर ठळक अक्षरांत: एकटे येऊ नका. घर घेऊन या.

थांब्यावरची एक बाई काचेकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघून म्हणाली, "तुम्हीच ना? किती गोड! आई किती दिवस आहेत?"

ती बस सोडून चालतच निघाली.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मावशीनं तो फोटो कुठूनतरी मिळवून तिला पाठवला होता.

"अगं, ही कोण बया?"

"भाड्याची आहे आई. जाहिरातीपुरती."

"हं." आईनं फोटो परत बघायला चष्मा चढवला. रडेल, चिडेल असं हिला वाटलं होतं. आई म्हणाली, "मान नाही गं धरलीय तिनं. कसं लोंबतंय बघ पोर."

"सांगितलं होतं मी."

"आणि तू तिच्याकडे बघून इतकी हसतेस कशाला?"

आईनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. म्हणूनच ते आत जाऊन रुतलं.

गठुडं झोपल्यावर तिनं फोटोच्या वेळी सही केलेला कागद काढला आणि ऑफिसात दुसऱ्याचं काम तपासावं तसा ओळ न ओळ तपासला. तिचा स्वतःचा फोटो पाच वर्षांसाठी त्यांचा झालेला. पण खाली बारीक अक्षरांत होतं: अल्पवयीन मुलाचं चित्र पालकाला केव्हाही मागे घेता येईल, कारण लिहावे.

कारण लिहायची तर तिला सवयच होती. चूक नोंदवायची रीत ठरलेली असते: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पुन्हा करून बघितल्यावर काय होतं. तिनं लिहिलं:

'व्हायला हवं होतं: बाळाला बाळाच्या आजीनं घ्यावं. झालं: भलत्याच बाईनं घेतलं. तीनदा अर्ज करून पाहिला. तिन्ही वेळा हेच होतं. फोटोतली आजी साडेपाचला परत गेली, मी डोळ्यांनी पाहिलं. खात्रीनं परत जाणारी आजी तुम्हाला हवी होती, ती तुम्हाला मिळाली आहे. आमचं बाळ तेवढं परत द्या.'

दोन दिवसांनी एचआरवालीचा फोन. "अगं, असलं काय लिहितात? खात्याचे लोक नाराज झालेत. रजा संपून तू येशील तेव्हा परवान्याचं..."

"मी येत नाहीये," ती म्हणाली. म्हणेपर्यंत तिलाही ते माहीत नव्हतं. "आजीला इकडे येता येत नाही. नातीला तिकडे जाता येतं."

"वेडी आहेस का? अठ्ठ्याऐंशी गुण होते तुझे!"

"घे तुला ते."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याची इथली नोकरीही तिच्याबरोबर जाणार होती. त्यानं कपाटावरची बॅग खाली काढली.

"सामान काय बोलणार?" तो म्हणाला. "न्याल तिकडे यायचं."

निघायच्या दिवशी ते त्याच थांब्यावर उभे होते. काचेतलं चित्र बदललं होतं. खात्यानं शब्द पाळून गठुड्याला काढून टाकलं होतं, आणि मोकळ्या झालेल्या हातांत आजीला एक लॅपटॉप दिला होता. ती स्वतः त्या लॅपटॉपकडे बघून तशीच हसत होती. आजीनं मात्र या वेळी दोन्ही हात नीट खाली घालून तो धरला होता, मशीनला जराही धक्का लागू नये असं.

ती त्या काचेवर थुंकलीच असती, पण कडेवर लेक होती. गठुडं आता साडेपाच महिन्यांचं, मान ताठ धरून त्या उजेडाकडे टकमका बघणारं. तिनं तरीही मानेमागे हात लावला आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. बस येईपर्यंत तिनं हात काढला नाही.