पहिला नकार

"दोघांपैकी एकालाच द्यायचं झालं, तर कुणाला द्यावं?" काउंटीच्या कारभारी मंडळातल्या टकरने वर्लालाच विचारलं.

वर्ला गोंधळली. ती मृदसंधारण कार्यालयातली एकुलती एक कारकून. गेली एकतीस वर्षं मंडळाच्या तीन सदस्यांपुढे यायचं, रोपं किती वाटली, बांध किती घातले ते सांगायचं, गेल्या वर्षीइतकेच अठरा हजार डॉलर मागायचे, आणि घरी भाजलेला ॲपल पाय टेबलावर ठेवून निघायचं. असलं काही कुणी कधी विचारलं नव्हतं. यंदा मात्र तिजोरीत खडखडाट. एक तर तिचं कार्यालय राहणार, नाहीतर म्हाताऱ्यांना घरपोच जेवण नेणारी डोरीनची गाडी. डोरीन शेजारीच पर्सचा पट्टा पिळत बसली होती.

"छे छे, आमचं राहू द्या," वर्ला म्हणाली. "डोरीनला द्या."

आता याला काय उत्तर म्हणायचं? कॅन्ससच्या त्या गावात केकचा तुकडासुद्धा पहिल्या आग्रहाला कुणी घेत नाही. एकदा 'नको', दुसऱ्यांदा 'अहो, खरंच नको', तिसऱ्यांदा बशी पुढे. नाहीतर लोक म्हणतात, काय हावरट बाई! वर्ला पुढच्या आग्रहाची वाट बघत उभी राहिली.

टकर दोन वर्षांपूर्वी शहरातून आलेला. "फार मोठं मन आहे हो तुमचं," असं म्हणून त्याने लिहूनही टाकलं.

वर्लाने दुसऱ्या सदस्याकडे, एल्डनकडे पाहिलं. तो इथलाच, शाळेत तिच्याच वर्गात होता. त्याला सगळं कळलं होतं, पण तो खाली मान घालून तिने आणलेला ॲपल पाय चमच्याने टोकरत राहिला. 'अरे मेल्या, विचार की एकदा!' ती मनात ओरडली. तोंडातून निघालं, "धन्यवाद."

बाहेर येताच डोरीनने तिचा हात धरला. "अगं, काय केलंस हे? मीही नकोच म्हणणार होते, पण मला कुणी विचारलंच नाही! आत जाऊन सांगू का, हिला द्या म्हणून?"

"नको गं."

"खरंच नको?"

"खरंच नको."

डोरीन जरा घुटमळली. मग म्हणाली, "देव तुझं भलं करो," आणि गाडीत जाऊन बसली.

आपलं नेमकं चुकलं कुठे, तेच वर्लाला कळेना. कार्यालयात परतली तर फोन वाजत होता. म्हातारा ऑर्व्हिल होता. "वर्ला, पुढच्या वसंतात पाइनची दोनशे रोपं हवीत बरं का. माझं नाव घालून ठेव."

तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि पुढच्या वर्षाच्या कोऱ्या यादीत पहिलं नाव लिहिलं.