वरची वीतभर माती

मित्रांनो, मी एका बैठ्या घराच्या मागच्या अंगणातली काळी माती आहे. वयाचं विचाराल, तर तुमचे पणजोबासुद्धा माझ्यापुढे कालचं पोर. कातळ उन्हापावसात झिजला, पाला कुजला, गांडुळांनी उलथापालथ केली, तेव्हा कुठे माझा वरचा वीतभर थर तयार झाला. घराची विहीर माझ्याच कुशीत आहे.

या घरच्या आजीने मला फार जीव लावला. पालापाचोळ्याचं खत ती स्वतःच्या हाताने घालायची. "माझी माती कधी हात आखडत नाही," असं शेजारणींना सांगायची, आणि मी मनातल्या मनात फुलून जायचे.

आजोबांचा धंदा जुन्या बॅटऱ्यांचा. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवत आणि उरलेलं ॲसिडचं पाणी सरळ माझ्यावर ओतत. ॲसिड शिशाला आपल्याबरोबर खाली न्यायला बघायचं. पण माझ्या चिकण कणांनी आणि आजीच्या खताने शिशाला असं घट्ट धरलं, की ते वरच्या थरातच अडकून राहिलं. विहिरीपर्यंत मी त्याला जाऊ दिलं नाही.

आजी गेली. पुढे सुनेच्या मनात पाल चुकचुकली आणि तिने विहिरीचं पाणी तपासून घेतलं. ते अगदी निर्मळ निघालं.

"बघ, उगाच राईचा पर्वत करत होतीस," आजोबा म्हणाले. "विष असतं, तर पाण्यात उतरलं नसतं का?"

सुनेला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला. माती तपासावी, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

मग दोन वर्षांची नात चिमी माझ्यात खेळू लागली. चिखलाचे गोळे वळायची आणि बोटं चाटायची. मला तोंड असतं तर मी ओरडले असते हो! विहिरीपासून जे राखलं, ते मी या लेकराच्या हाताशी ठेवलं होतं. चिमीचं पोट दुखू लागलं. ती चिडचिडी झाली, शिकलेले शब्द विसरू लागली. रक्तात शिसं सापडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "ही खेळते कुठे?"

त्याच दिवशी शेडला कुलूप लागलं. तोंडाला फडकी बांधून माणसं आली आणि माझा वरचा थर खरवडून गोण्यांत भरून घेऊन गेली. आजीचं सगळं खत त्यातच गेलं. उरलेल्या माझ्यावर आता फरशी आहे.

मित्रांनो, मातीवर ओतलं म्हणजे गेलं, असं समजू नका. बरंचसं मी धरून ठेवते, मला सोडताच येत नाही. पाण्याची काळजी करता, तशी कधीतरी माझीही विचारपूस करा.

चिमी आता बरी आहे, पण बोलताना अडखळते. काल फरशीवर उकिडवी बसून तिने विचारलं, "आजोबा, माती... कुठे गेली?"

आजोबा तिच्याशेजारी खाली बसले.

"मी घालवली गं, बाळा."