सात नंबरचा बिल्ला

‘आधी खिळा, मग कडी, नाहीतर माणसाची होईल लादी!’

आवाज एकोणीस वर्षांपूर्वीचा, भसाडा आणि हसरा. तो कानात उमटला तशी तिने शीतकक्षाच्या दारावर तीनदा थाप मारली. “कुणी आहे का आत?” विचारलं, दाराला कान लावला, आणि मगच दार ओढून घेतलं. आत लसींच्या खोक्यांशिवाय कुणी असणं शक्यच नव्हतं. दारावर दोन कॅमेरे होते, आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकाची कार्डावर नोंद होत होती, आणि कुणी आत राहिलंच तर सगळी इमारत घंटा वाजवून सांगणार होती. तरी तिची थाप चुकत नसे.

“मॅडम, आज तरी दिलं का कुणी उत्तर?” पलीकडच्या खुर्चीवरून रखवालदाराने विचारलं.

“अजून नाही.”

“ज्या दिवशी देईल ना, त्या दिवशी मी पळालोच समजा. चपला घ्यायलाही थांबणार नाही.”

ती हसली. हातमोजे काढून टेबलावर ठेवत होती, तेवढ्यात फोन थरथरला. वडील एरवी दुपारी फोन करत नसत.

“रविवारी सुट्टी असते ना तुला?”

“असते. का हो बाबा?”

“कारखाना पाडतायत. सोमवारपासून.” ते थांबले. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. “म्हटलं, एकदा बघून यावं. तुझा स्वेटरकाकाही येतोय.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“उन्हाची उगीच धावपळ नको. जमत नसेल तर राहू दे.”

“जमतंय. येते मी.”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, काढून ठेवलेला एक हातमोजा तिने पुन्हा हातात घातला होता.

*

तिच्या लहानपणीचे सगळे उन्हाळे त्या बर्फाच्या कारखान्यात जमा होते. बाहेर डांबर मऊ पडायचं, कुत्री गटाराच्या कडेला सावली शोधत फिरायची, आणि कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की अंगावर शहारा यायचा. वडील तिथे मशीनवर मिस्त्री होते. मिठाच्या गार पाण्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले असत, त्यांतून पहाटे लाद्या निघत. धुरकट, निळसर, मधोमध पांढरा गाभा असलेल्या लाद्या. त्या भुशात गुंडाळून मागच्या कोठीत रचायच्या. कोठीचं दार हातभर जाड, आणि कडी बाहेरून.

त्या दाराच्या चौकटीत एक खिळा होता. कोठीत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला त्या खिळ्यावर लटकवायचा आणि मग आत जायचं. बाहेर आला की काढून घ्यायचा. दार लावणाऱ्याने आधी खिळा बघायचा. रिकामा असला तरच कडी. दुसरा कुठला नियम त्या कारखान्यात धड पाळला जात नसे, पण हा देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई.

त्या नियमाचं गाणं करणारा माणूस म्हणजे स्वेटरकाका. वडिलांचा जोडीदार. कोठीत लाद्या रचायचं काम त्याचं, म्हणून भर वैशाखात तो तपकिरी स्वेटर घालून रस्त्याने चालत यायचा. मुलं मागे लागायची. “काका, थंडी वाजते का?” तो दात वाजवून दाखवायचा. ती दुपारी वडिलांचा डबा घेऊन आली की रुमालात बर्फाचा तुकडा बांधून तिच्या डोक्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, “घे चिमणे, राणीचा मुकुट. घरी पोचेपर्यंत राज्य कर, पुढे तुझं नशीब.”

ती आठ वर्षांची होती त्या उन्हाळ्यात एका दुपारी वडील मशीनच्या मागे वाकलेले होते. खिळ्यावर सात नंबरचा बिल्ला होता. सात नंबर स्वेटरकाकाचा. तिने टाचा उंचावून तो काढून घेतला. दाराच्या फटीतून येणाऱ्या गारव्याने पितळ इतकं थंड झालं होतं की गालाला लावताच जीव सुखावला. तिने ते पापण्यांवर ठेवलं. एकदा या, एकदा त्या. मग भुशाच्या ढिगाऱ्याआड जाऊन बसली, बिल्ला फ्रॉकच्या खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला. आणि तिथेच तिचा डोळा लागला.

जागी झाली तेव्हा कोठीला कडी होती.

कडी आहे म्हणजे आत कुणी नाही. आठ वर्षांच्या मुलीला नियम पाठ होता, आणि नियमाने असंच सांगितलं होतं. काका बाहेर आले असतील, बिल्ला शोधत असतील, ओरडतील. तिने टाचा उंचावून बिल्ला होता तिथे लटकवला, रिकामा डबा उचलला आणि उन्हातून पळत घरी गेली.

कोठी चार वाजता उघडली. आतून उघडायचा दांडा बर्फाने जाम झाला होता, आणि मशीनच्या धडधडीत आतल्या थापा कुणाला ऐकू आल्या नव्हत्या. स्वेटरने जीव वाचवला. पण मिठाच्या पाण्याने भिजलेल्या हातमोज्यातली डाव्या हाताची दोन बोटं गेली.

कडी वडिलांनी घातली होती, आणि ते सगळ्यांना एकच सांगत होते. मालकाला, दवाखान्यात, चौकशीला आलेल्या साहेबाला. “मी खिळा बघितला होता. रिकामा होता.” लोक खिळ्याकडे बोट दाखवत. बिल्ला तिथेच लटकत होता. आईसुद्धा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, “बघायला हवं होतं तुम्ही.” त्या दिवशी वडील न जेवता उठले. महिनाभराने त्यांनी काम सोडलं. नंतर पंपावर, गोदामात, एका शाळेच्या पाण्याच्या मोटारीवर अशी कामं केली. जिथे दाराला कडी घालावी लागते असं काम मात्र पुन्हा धरलं नाही.

तिने सांगायचं ठरवलं होतं. बाराव्या वर्षी वहीत लिहून काढलं आणि वही पाण्याच्या टाकीत बुडवली. पहिली नोकरी लागली त्या दिवशी ठरवलं. आईच्या शेवटच्या आजारात, आईलाच सांगून मोकळं व्हावं असं ठरवलं. दर वेळी शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच त्यांचं पाणी व्हायचं.

*

रविवारी ती सकाळच्या बसने आली. वडील तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, ओला भांग. निघताना त्यांनी दार ओढून घेतलं, पुन्हा उघडलं, आणि रिकाम्या घरात डोकं घालून विचारलं, “आत कोण आहे?”

“बाबा, दोघंही बाहेर आहोत आपण.”

“हो. माहिती आहे मला.” तरी ते क्षणभर थांबले. मग कुलूप लावलं.

स्वेटरकाका फाटकाशीच भेटला. केस पांढरे, पोट सुटलेलं, अंगात साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. फक्त डाव्या हातात लोकरीचा मोजा. गेलेल्या बोटांच्या जागी त्याची दोन टोकं आत दुमडून शिवलेली होती.

“या मिस्त्री! अरे बाप रे, ही चिमणी? केवढी झाली! काय करतेस गं?”

“लसींच्या गोदामात आहे काका. थंड खोल्यांवर.”

“म्हणजे बापाचाच धंदा! फक्त माणसं नका ठेवू आत.” तो स्वतःच खदखदून हसला. “पण खरं सांगू का, तुझ्या बापाने मला वेळेवर बर्फात ठेवलं म्हणून मी अजून ताजा आहे. त्याच्याकडे बघ. उन्हात राहिला, कसा सुकलाय.”

वडील हसल्यासारखं करून फाटकातून आत शिरले. हा विनोद ते एकोणीस वर्षं ऐकत होते. लग्नात, बाजारात, आईच्या बाराव्याला. दर वेळी असंच हसत.

आत मशीन नव्हतं. त्याच्या जागी चार गंजलेले बोल्ट आणि तेलाचा काळा डाग. डबे बुडवायच्या टाकीत कोरडा पाला. वडील एकेका जागेपाशी थांबत होते, ओळखीच्या दारावर थाप मारावी तसा भिंतीला हात लावत होते. काका बोलत होता. अमका कुठे गेला, तमक्याच्या मुलाने कसं नाव काढलं, मालकाच्या नातवाला बर्फ म्हटलं की फ्रीज आठवतो. ती दोघांच्या मागून चालत होती. पुढचं वळण तिला ठाऊक होतं.

कोठीचं दार अजून होतं. छप्पर मात्र उतरवून नेलं होतं. उघड्या दारातून आत ऊन दिसत होतं. जिथे कधी दिवा लावल्याशिवाय बोटही दिसत नसे, तिथे जमिनीवर मुरलेला भुसा उन्हात पिवळाधमक पडला होता. आणि चौकटीत खिळा.

काकाने खिशात हात घातला. “बघ काय आणलंय.” पितळ काळपट झालं होतं, पण सात स्पष्ट वाचता येत होता. “आमच्या हिने दोनदा भंगारात टाकला. दोनदा काढून आणला.” त्याने बिल्ला खिळ्यावर लटकवला, दोन पावलं टाकली आणि कोठीच्या मधोमध उन्हात जाऊन उभा राहिला. “घ्या मिस्त्री. आलो आत. घाला कडी! आता काय होतंय? फार तर सुकट होईल माझी.”

वडिलांनी पायाने एक वीट सरकवली आणि दाराला टेकू दिला. मग ते तिथेच उकिडवे बसले.

“स्वेटर,” ते म्हणाले, “तुला एक सांगायचं होतं. म्हणूनच बोलावलं.”

काकाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला काका कुठेतरी निघून गेला.

“मी सगळ्यांना सांगत आलो, खिळा बघितला म्हणून. इतकी वर्षं. डोळे मिटले की मला तो रिकामाच दिसतो रे, अजून. पण बिल्ला होता ना तिथे. सगळ्यांनी बघितला. मग मी कुठला मोठा?” त्यांनी तळहाताने चेहरा पुसला. “रोज बघायची सवय होती. त्या दिवशी बघितलंच नसेल, आणि सवयीने वाटलं असेल, बघितलं. मीच खोटा. तू नाही काही बोललास कधी, पण मी कबूल करायला हवं होतं. माझी चूक झाली.”

बाहेर रस्त्यावरून एक जड गाडी गेली, जमीन थोडी थरथरली. बिल्ला खिळ्यावर हलला.

काका बाहेर आला. वडिलांसमोर गुडघे धरत धरत बसला. मोजा घातलेला हात त्याने त्यांच्या खांद्यावर ठेवला.

“बोटांचं काही नव्हतं रे मला,” तो म्हणाला. आवाजात आता गाणं नव्हतं. “आठच बोटांत सगळा संसार केला. पण तू म्हणायचास, बघितलं. म्हणजे मीच बिल्ला न लावता आत गेलो, असं व्हायचं. मग कधीकधी मलाच वाटायचं, नसेल लावला? मागाहून कुणी लटकवला असेल? मुलांना हसत सांगायचो, आणि आत पोखरत राहायचं. एवढंच ऐकायचं होतं मला. झालं आता. संपलं.”

“संपलं,” वडील म्हणाले.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा तिने कधी बघितला नव्हता. खांदे सैल पडले होते, ओठांच्या कडेची ती कायमची आवळलेली घडी उलगडली होती. डोक्यावरचं ओझं उतरवून माणूस सावलीला बसावा तसे ते बसले होते. दुसऱ्याचं ओझं, पण उतरलं होतं. दोघं म्हातारे एकमेकांना धरून उठू लागले. काकाने डोळे पुसले आणि लगेच म्हणाला, “चला, गार काहीतरी पाज. बर्फ नको हां त्यात.” वडील हसले. या खेपेला खरंच हसले.

असंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. सोमवारी दार जाणार होतं, चौकट जाणार होती, खिळा जाणार होता.

ती दाराशी गेली. आता टाचा उंचावाव्या लागल्या नाहीत. खिळा तिच्या खांद्याच्या उंचीवर होता. तिने बिल्ला काढून मुठीत घेतला. पितळ उन्हाने तापलं होतं. हात भाजत होता, तरी तिने मूठ उघडली नाही.

“चल गं,” वडील फाटकाच्या दिशेने वळले होते. “ऊन लागेल.”

“बाबा.”

तिचा आवाज ऐकून दोघंही थांबले.

“तुम्ही बघितलं होतं. खिळा रिकामाच होता,” ती म्हणाली. “आणि काका, तुम्हीही बिल्ला लावला होता. तो माझ्या फ्रॉकच्या खिशात होता.”