पोटची असती तर

शाळेतून निरोप आला तेव्हा संध्या बंदरावर बांगडे बर्फात लावत होती. हात ओले आणि बोटं बधिर, त्यामुळे फोन तिने घरी आल्यावरच पाहिला. निशिगंधाच्या वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं की चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींना शुक्रवारी आरोग्य केंद्रात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची लस मिळणार आहे. पालकांची तयारी असेल तर त्यांच्यापैकी एकाने मुलीबरोबर यावं.

‘पालक’ या शब्दापाशी संध्या अडखळली.

निशिगंधा तिची मुलगी, पण पोटची नव्हे. दर्शना, म्हणजे संध्याच्या नवऱ्याची, सूरजची, पहिली बायको, लेप्टोच्या तापाने गेली आणि त्यानंतर दोन वर्षांनी संध्या या घरात आली. पोर तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या आजीने, दर्शनाच्या आईने, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की हिला मावशी म्हणायचं. संध्याला ते बरंच वाटलं. मावशी होणं जमण्यासारखं होतं. दोघींचं तसं ठीक चाललं होतं. संध्या तिचे केस विंचरून द्यायची, गणिताला शिकवणी लावायची की नाही यावर तिच्याशी वाद घालायची, पण मोठ्या गोष्टींत पुढे व्हायची नाही. त्या सूरजच्या, नाहीतर आजीच्या.

सूरज मासेमारीच्या बोटीवर तांडेल होता, सगळे खलाशी त्याच्या हाताखाली. बोट एकदा बाहेर पडली की आठवडाभर समुद्रातच. किनाऱ्याजवळ कधी रेंज मिळाली तर त्याचा फोन यायचा, तसा तो त्या संध्याकाळी आला. संध्याने सगळं सांगितलं. इंजिनाच्या आवाजातून तो म्हणाला की या बायकांच्या गोष्टीतलं त्याला काय कळतं, तिने आणि आजीने मिळून ठरवावं. एवढं बोलून होतंय तोच फोन कटला. रेंज गेली की त्यानेच ठेवला, हे संध्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टर राजश्री अजून तिशीच्याही नव्हत्या. गर्दी बरीच होती तरी त्यांनी तिला बसवून घेतलं. हा रोग एका विषाणूमुळे होतो, म्हणाल्या. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो की लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी त्याची बाधा होऊन जाते. बहुतेकींची आपोआप बरीही होते. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. विषाणू अंगात शिरण्याआधी लस दिली तर ती सगळ्यात चांगली लागू पडते, म्हणून ती या वयात द्यायची. मुलीवर संशय घेण्याचा त्यात काही संबंध नाही.

पुढे मूल होत नाही असं बंदरावर बोलतात, ते खरं का, असं संध्याने खालच्या आवाजात विचारलं. तसं काही होत नाही, डॉक्टर म्हणाल्या.

“आणि काही झालंच तर?”

“दंड दुखेल, कदाचित ताप येईल. या वयाच्या मुलींना सुई टोचल्यावर चक्करही येते, म्हणून आम्ही अर्धा तास बसवून ठेवतो. गंभीर त्रास फार म्हणजे फारच क्वचित होतो. होणारच नाही असं मात्र मी लिहून देणार नाही. तसं कुठल्याच औषधाबद्दल देता येत नाही.”

संध्याला त्यांचं म्हणणं पटलं. पण घरी परतताना ते शेवटचं वाक्यच डोक्यात फिरत राहिलं. लस द्यायची नाही असं तिने ठरवलं असतं तर कोणी एका शब्दाने बोललं नसतं. पोर मोठी होईल, लग्न करून जाईल. वीस-तीस वर्षांनी तिला काही झालंच, तर त्याचा संबंध या शुक्रवारशी कोण लावणार? तोवर संध्याचं नावही निघणार नाही. लस दिली आणि पोरीला नुसता ताप जरी आला, तरी सगळं बंदर म्हणणार होतं की सावत्र आईने टोचून आणलं. स्वतःला सांभाळायचं तर गप्प बसणंच सोयीचं होतं. आपण पोरीचा विचार करतोय की आपला, हे तिचं तिलाच नीट सांगता येईना.

संध्याकाळी ती सत्यवतीकडे, निशिगंधाच्या आजीकडे, गेली. म्हातारी दारात बसून सुकटीतला कचरा निवडत होती. तिच्या कानावर आधीच सगळं आलं होतं. संध्याने डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगायला सुरुवात केली, पण सत्यवतीने हातानेच तिला थांबवलं.

“गो संध्या, मला एकच सांग. तुज्या पोटची असती तर टोचलं असतंस?”

संध्या खाली मान घालून सुकट निवडू लागली. म्हातारी आपणहूनच बोलू लागली. दर्शनाचा ताप चढत गेला, मूत्रपिंडं थांबली, तिला दवाखान्यात हलवलं. ती शेवटच्या दिवशी शुद्धीवर होती, पोरीला शाळेत पाठवलं का म्हणून विचारत होती. मग नर्स आली आणि तिने सुई दिली.

“हात माज्या हातात होता. सुई टोचली, आणि अर्ध्या तासात तो हात गार पडला. डॉक्टर बोलला, आजारच पुढं गेला होता, सुईनं काय नाय झालं. खरंही असेल ते. पण मी डोळ्यांनी बघितलं ते सुईच बघितली.”

दोन वर्षांत हे संध्याला कोणीच सांगितलं नव्हतं. दर्शना लेप्टोने गेली, एवढंच तिला ठाऊक होतं. डॉक्टरांकडून आणलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. या बाईला आकडे आणि कारणं सांगणं म्हणजे तिच्या हातातून तो हात पुन्हा ओढून काढणं. ती उठली, निघते म्हणाली, आणि वाटेतच तिने ठरवून टाकलं. नको. नाही न्यायची पोरीला.

जेवताना तिने ते निशिगंधाला सांगितलं. पोर भात कालवत राहिली. मग ताट पुढे सरकवलं.

“बाईंनी आम्हाला सगळं समजावून सांगितलंय. मला सुईची भीती वाटते, पण लस घ्यायची आहे. तू बाबांना विचारलंस, डॉक्टरला विचारलंस, आजीला विचारलंस. मला कोणीच नाही विचारलं.”

संध्या तिच्याकडे बघतच राहिली. केस विंचरताना जी मान रोज आपल्यापुढे असते तीच ही मान, पण आज ती ताठ होती. तिला स्वतःचं चौदावं वर्ष आठवलं. अंगात काय बदल होतायत ते तेव्हा तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाला विचारायची सोयही नव्हती. ही मुलगी ताटावर बसून त्याच शरीराबद्दल सरळ बोलत होती. सूरज बायकांच्या गोष्टी म्हणून बाजूला झाला होता, आणि जिची ती गोष्ट तिला वगळून सगळे चर्चा करत होते.

“आपण दोघीच जाऊन येऊ,” निशिगंधा हळूच म्हणाली. “आजीला सांगायलाच नको.”

मार्ग सोपा होता, आणि क्षणभर संध्याला मोह झालाही. पण म्हातारीने आपलं दुःख तिच्यापुढे उघडं केलं होतं. ते पदरात घेऊन मग पाठीमागून सुई टोचून आणायची, हे तिला करवेना.

सकाळी बंदरावर जाण्याआधी ती पुन्हा सत्यवतीच्या दारात उभी राहिली. बसली नाही.

“काल तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायला आलेय. पोटची असती तर मी एवढा विचारच केला नसता, आजी. सरळ नेली असती. दुसऱ्याची म्हणून मी भ्याले. पण माझ्या भीतीपायी तिचं नुकसान का करू? उद्या मी तिला नेणार आहे. तुम्ही आलात तर तिला धीर येईल. नाही आलात तरी मी तिला नेईनच.”

सत्यवतीने वर पाहिलं नाही. संध्या बंदराकडे निघाली.

शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मुली रांगेने बसल्या होत्या आणि एकमेकींच्या कानात काहीबाही सांगून हसत होत्या. निशिगंधाचा नंबर येईतो सत्यवती फाटकाशी येऊन उभी राहिलेली संध्याला दिसली. ती काही आत आली नाही. सुई टोचताना निशिगंधाने डोळे गच्च मिटले, मग उघडले आणि झालंसुद्धा असं म्हणून हसली. बसून राहा असं नर्स सांगतेय तोवर ती उठलीही. दोन पावलं गेली, चेहरा पांढरा पडला, आणि ती बाकाला धडकून खाली कोसळली.

म्हातारीची किंकाळी अख्ख्या व्हरांड्याने ऐकली. इतक्या वयाची बाई धावत आत आली, नातीशेजारी फरशीवर बसली आणि तिचा हात हातात घेऊन दर्शनाच्या नावाने हाका मारू लागली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी त्या घडीला त्यातलं संध्याला काहीच आठवेना. आपण मारलं हिला, एवढंच मनात येत होतं. डॉक्टर राजश्रींनी पोरीला सरळ निजवलं, नाडी पाहिली आणि संध्याला पाय उचलून धरायला सांगितलं. संध्याने ते धरले. तळवे गार होते, पण धरल्याधरल्याच अंगठे हलले.

निशिगंधाने डोळे उघडले. आधी आजी दिसली, मग संध्या. “मी पडले?” तिने विचारलं आणि आपण सगळ्या मुलींसमोर पडलो हे ध्यानात येताच ओढणी तोंडावर घेतली.

पुढचा अर्धा तास तिघी एका बाकावर बसून होत्या. पोर पाणी प्यायली, बिस्किटं खाल्ली. सत्यवतीने तिचं मनगट सोडलं नाही. ती नाडीच मोजत होती म्हणा ना. मनगट ऊबदार होतं आणि ऊबदारच राहिलं. अर्धा तास सरला तशी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं. सत्यवती तरीही जागची उठली नाही. अजून थोडं बसू, म्हणाली. मग त्या आणखी थोडा वेळ बसल्या.

रात्री अंग जरा तापलं, दोन दिवस दंड दुखला, बाकी काही नाही. सूरज बोटीवरून आला तेव्हा पोर अंगणात मैत्रिणींशी भांडत होती. संध्याने त्याला सगळं सांगितलं, चक्करही लपवली नाही. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला की आपण त्या दिवशी फोनवर नीट बोलायला हवं होतं.

लशीने काय टळलं हे कोणालाच दिसणार नव्हतं. न होणारं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, आणि पोरगी फरशीवर पडलेली मात्र पुष्कळ जणींनी पाहिली होती. त्यामुळे बंदरावर बोलणं झालंच. संध्याने ते कानाआड केलं, पण ज्या दिवशी कोणी बोलायचं त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. याच दिवसांत तिने डॉक्टरांकडे जाऊन स्वतःची याच कर्करोगाची तपासणी करून घेतली. तिशीनंतर प्रत्येकीने करायला हवी, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तपासणीत सगळं ठीक निघालं.

एका सकाळी लिलाव आटपल्यावर बायका टोपल्या भरत होत्या. संध्या पलीकडे बर्फ फोडत होती. चिमा नावाची एक बाई, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सावत्र आईने पोरीवर कसली कसली औषधं करून बघितली ते दुसरीला सांगू लागली. सत्यवती तिथेच होती. त्या दिवसापासून संध्याशी ती लशीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तिने टोपली खाली ठेवली.

“मी होते तिथं,” ती म्हणाली. “आम्ही दोघींनी नेली पोरीला. चक्कर आली, पाणी प्यायली, घरी आली. तुज्या नातीचंही चौदावं सरलं ना गो? काय विचारायचं ते माज्याकडं येऊन विचार.”

चिमा टोपली भरू लागली. सत्यवतीने टोपली पुन्हा डोक्यावर घेतली आणि संध्याच्या बाजूने जाताना, तिच्याकडे न बघताच, आज सुरमई चांगली आलीय, रात्री पोरीला घेऊन जेवायला या, असं सांगून ती चढाच्या वाटेने निघून गेली.