सुनमायाचा रोवणा

सुनमायाने झाकण उचललं तेव्हा सगळेच्या सगळे मोमो पोट फाटून पडले होते आणि आतली कोबी खालच्या उकळत्या पाण्यात गेली होती. फैजने गाडीवरचा गॅस बंद केला, वाकून बघितलं आणि डोकं खाजवलं.

“वहिनी, एक विचारू? राग नका मानू. तुम्ही पक्क्या नेपाळच्याच ना?”

“पक्की. झापा जिला.”

“मग हे असं काऊन?”

“मले खाता येते, भैया. बनवता नाई येत.”

“अरे यार! मी तर फ्लेक्स छापून बसलो. असली नेपाली मोमो. तुमचा फोटो बी टाकला त्याच्यावर.”

मूल या तालुक्याच्या गावात बसस्टँडसमोर फैजची चायनीजची गाडी होती. बाजूच्याच गाळ्यात त्याचा शाळेपासूनचा दोस्त प्रफुल वॉशिंग मशीन आणि कूलर दुरुस्त करायचा. प्रफुल म्हणजे सुनमायाचा नवरा. तो हातात पाना घेऊन हसू दाबत उभा होता. फैजने चमच्याने एक फुटका मोमो खाल्ला, मग दुसरा.

“टेस्ट त चांगली हाये बावा. सूप म्हणून विकू का?”

सुनमाया हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेव्हा वाफेचं निमित्त करून तिने ओढणीने तोंड पुसलं.

मूलच्या लोकांचं तरी काय चुकलं म्हणा! नेपाळ म्हटलं की त्यांना दोनच गोष्टी आठवायच्या, मोमो आणि शिट्टी. त्यामुळे मोमोच्या आधी तिला एका राइस मिलवर पहाऱ्याचं काम सांगून आलं होतं. मिलचा मालक मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, तुमच्याकडचे लोक लय इमानदार, रात्रभर डोळा लावत नाहीत. सुनमायाला नऊच्या ठोक्याला झोप यायची. एका साडीच्या दुकानदाराला ती नुसती दारात उभी हवी होती, येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात जोडून नमस्ते म्हणायला. तिने दुपारपर्यंत हात जोडले आणि चप्पल घालून घरी आली.

खरं काम तिला एकच येत होतं. आखातात, दोह्याच्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत तिने चादरींच्या डोंगरांना इस्त्री केली होती. तिथली यंत्रं प्रफुल बघायचा. ती जरा बिघडली की लगेच यायचा, आणि बिघडली नसली तरी यायचा. झाप्यात एक आणि चिचटोल्यात एक अशी दोन लग्नं लावून दोघं इथे आली, मूलपासून थोड्याच अंतरावरच्या त्याच्या गावी. प्रफुल घरी परत आला होता. सुनमाया मात्र परदेशी आली होती, आणि मूलमध्ये लाँड्री म्हणजे एक म्हातारा, एक कोळशाची इस्त्री आणि एक झोपाळू कुत्रा.

सतराव्या वर्षापासून ती स्वतःच्या कमाईचं खात होती. झाप्यात बापाला थोडंफार पाठवत होती. आता जेवायला बसली की पहिला घास तिला गिळवत नसे. दोह्याच्या सुपरवायझर बाईने निरोप धाडला होता, तुझी जागा अजून रिकामी आहे, महिना संपायच्या आत काय ते कळव.

“काम भेटलं तर राहते,” गाडीवर मागे बसताना ती प्रफुलला म्हणाली. “नाई भेटलं तर जाते. तुझ्यावर गुस्सा करून नाई.”

प्रफुलने किक मारली. गाडी सुरू झाली तरी तो जागचा हलला नाही.

“मले दुकान सोडता नाई येणार, माया,” तो म्हणाला.

“मालूम आहे.”

घरी सासू सुगंधाबाई दारातच होत्या. मोमोंचं ऐकून त्या इतक्या खूश झाल्या की विचारू नका.

“बरं झालं फुटले! बस स्टँडवर उभी राहून लोकाइले प्लेटा देणार होती का तू? घरी बस. राणीवानी बस.”

हेच तर दुखणं होतं. सुगंधाबाईंचा जीव होता सुनेवर. त्या तिला बादली उचलू देत नसत, चूल सारवू देत नसत. शेजारणी बघायला आल्या की तिला खुर्चीवर बसवायच्या आणि स्वतः जमिनीवर टेकायच्या. सासरे लटारूभाऊ कमी बोलणारे. ते एकदा हळूच म्हणाले, “पोरीले काहीतरी करू दे ना वो.” त्यावर त्यांना अशी नजर मिळाली की ते बैलाला पाणी दाखवायला निघून गेले. बैलाने तासाभरापूर्वीच पाणी प्यायलं होतं.

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, जोरात सुरू होता. रोज सकाळी उजाडताच बायनाबाईंची बायांची टोळी छोटा हत्ती टेम्पोच्या मागच्या हौद्यात दाटीवाटीने उभी राहून गावातून जायची. बायनाबाई गुत्त्याने रोवण्याचं काम घ्यायच्या, एकरामागे ठरवून. एके दिवशी त्यांची एक बाई लेकीच्या बाळंतपणाला सिरोंच्याकडे गेली होती आणि गाडी घराच्या कोपऱ्यावर थांबली होती. सुनमाया अंगण झाडत होती, म्हणजे सुगंधाबाई आत असताना चोरून झाडत होती. तिने झाडू ठेवला आणि गाडीपाशी गेली.

“मावशी, मले नेता?”

बायनाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “येते का तुले रोवता?”

“लहान होती तेव्हा येत होतं. आमच्याकडे पण धानच आहे.”

“तुह्या सासूले विचारलं का? माही मान मोडन ते.”

सुनमाया मागे फिरली आणि सरळ चुलीपाशी जाऊन उभी राहिली. चोरून जायचा तिचा स्वभाव नव्हता. “आई, मी बायनाबाईसंग रोवण्याले जाते. काम आहे. मजुरी आहे.”

सुगंधाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

“वीस वर्सं मी लोकाइच्या धानाच्या बांधीत वाकली,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळेच ऐकवत नव्हता. “तवा कुठी चार बांध्या आपल्या झाल्या. माह्या सुनेनं चिखलात पाय घालाचा नाई म्हणूनच त मी घातले. अन् तू इमानातून येऊन त्याच चिखलात जाते म्हणतेस?”

“आई, घरी बसून मले रडू येते.”

“मंग रड!” सुगंधाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

गाडीने हॉर्न दिला. सुनमाया गेली.

पहिल्या दिवशी तिची फजिती काय वर्णावी! बाया बांधीत, भाताच्या खाचरात, ओळीने वाकून मागे मागे सरकत पऱ्हे म्हणजे भाताची रोपं रोवत होत्या, गप्पा मारत, एकमेकींची उणीदुणी काढत. सुनमायाची ओळ अशी नागमोडी गेली की ती शेजारच्या रंजीताच्या ओळीत जाऊन शिरली. रंजीता प्रफुलची चुलतबहीण. तिने ढुंगणानेच तिला धक्का देऊन परत जागेवर ढकललं.

“वहिनी, हा रोड तुमच्या नेपाळले चालला का?”

सगळी बांधी खिदळली. दुपारपर्यंत सुनमायाला सरळ उभं राहता येईना. तिला बसवून बायनाबाईंनी तिच्या कमरेवर दोन गुद्दे घातले, आपल्या डब्यातला भात तिच्यापुढे केला आणि म्हणाल्या, “उद्या येशीन का पळशीन?”

“येईन.”

ती गेली. दुसऱ्या दिवशी गेली, त्याच्या पुढच्याही. ओळ हळूहळू ताळ्यावर आली. परत येताना टेम्पोच्या हौद्यात उभं राहून ती आता रंजीतापेक्षा मोठ्याने हसायला लागली होती, आणि मजुरी हातात पडली की मुठीत घट्ट धरून घरापर्यंत आणायची.

घरात मात्र सुगंधाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. अगदीच नाही असं नाही, पण लटारूभाऊंमार्फत.

“अवो, सांगा तिले, भात झाकून ठेवला हाये.”

“भात झाकून ठेवला हाये,” लटारूभाऊ सांगायचे. सुनमाया तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची.

“आईले सांगा, मिळाला.”

“मिळाला म्हणते.”

“बहिरी नाई मी!” सुगंधाबाई ओरडायच्या.

असा संसार चालला होता. प्रफुल दोघींच्या मधे बसून जेवायचा आणि ताटातून मान वर काढायचा नाही.

टोळीचा शेवटचा रोवणा लटारूभाऊंच्याच चार बांध्यांत होता. आदल्या संध्याकाळी सुगंधाबाईंनी नवऱ्याला सांगितलं, पण घरभर ऐकू जाईल असं.

“उद्या रोवणा आपला हाये. उद्या तिनं धुऱ्यावर, कोरड्या बांधावर उभं राहाचं, माह्या बाजूनं. मालकिणीवानी. आपल्याच बांधीत आपलीच सून मजूर म्हणून उतरली, त मी शेतात पाय ठेवणार नाई.”

सुनमायाने प्रफुलकडे पाहिलं. महिना संपायला आला होता आणि दोह्याला तिने अजून काहीच कळवलं नव्हतं.

“मी धुऱ्यावर उभी नाई राहणार,” ती हळू आवाजात त्याला म्हणाली. “उभं राहूनच पैसे घ्यायचे असते, तर साडीच्या दुकानात काय वाईट होतं? आईंनी नाहीच म्हटलं तर मी जाते, प्रफुल. रोज अशी लढाई मले नाई जमणार.”

प्रफुल रात्री बराच वेळ कूस बदलत राहिला.

सकाळी ती टोळीबरोबरच शेतावर उतरली आणि रंजीताच्या बाजूला वाकली. धुऱ्यावर कोणी नव्हतं. पहिली बांधी झाली, दुसरी झाली. लटारूभाऊ पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होते आणि दर थोड्या वेळाने गावाच्या वाटेकडे बघत होते. बाया नेहमीसारख्या बोलत होत्या, पण सुनमायाच्या आसपास जरा बेतानेच.

चौथ्या बांधीचा थोडा कोपरा उरला तेव्हा वाटेवर पिवळं लुगडं दिसलं. सुगंधाबाई ठेवणीतलं नेसून आल्या होत्या. एका हातात वड्यांचा डबा, दुसऱ्या हातात छत्री. त्या धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि सुनमायाकडे न बघता म्हणाल्या, “झाला नाई का अजून?”

बायनाबाईंनी कंबर सरळ केली. रोवणा संपत आला की बाया मालकाला चिखल लावतात आणि मग मालकाने सगळ्यांना खाऊ घालायचं असतं, त्याला बोजारा म्हणतात. हा रिवाज. धुऱ्यावर कोरड्या लुगड्यात उभं राहील ते मालक, यात काही विचारायची सोय नाही.

“आली वो मालकीण!” बायनाबाई ओरडल्या आणि सगळ्या बाया हातात चिखल घेऊन धुऱ्याकडे सुटल्या.

सुनमाया बांधीतच राहिली. तिला कळेना, आपण कुणीकडून. टोळीबरोबर जावं तर सासूच्या तोंडाला चिखल लावावा लागणार. सासूजवळ जावं तर आपल्याला लावून घ्यावा लागणार.

“दूर व्हा वो! लुगडं नवं हाये!” सुगंधाबाई छत्री पुढे धरून मागे सरकत होत्या. रंजीताने छत्री काढून घेतली, बायनाबाईंनी दोन्ही गालांना चिखल फासला, आणि धुऱ्यावर पाय सटकून सुगंधाबाई नव्या लुगड्यासकट बांधीत बसल्या.

वड्यांचा डबा त्यांनी वरच्या वर धरला होता, तो तेवढा कोरडा होता.

मग सुगंधाबाईच हसायला लागल्या. आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं, मग त्यांना थांबवता येईना. बायनाबाई त्यांच्याबरोबर वीस वर्षं वाकलेल्या. त्याही पोट धरून चिखलात बसल्या. लटारूभाऊंनी येऊन डबा तेवढा घेतला.

“आता काय राह्यलं?” सुगंधाबाई डोळे पुसत म्हणाल्या, त्यामुळे चिखल डोळ्यांतही गेला. त्या उठल्या, लुगडं खोचलं, समोरची पेंडी उचलली आणि उरलेल्या कोपऱ्यात सुनमायाच्या शेजारी जाऊन वाकल्या. बाया एकमेकींकडे बघत आपापल्या जागी आल्या.

दोघी मागे मागे सरकत राहिल्या. मग सुनमायाने तिरक्या नजरेने पाहिलं.

“आई,” ती म्हणाली, “तुमची लाइन टेढी आहे.”

सुगंधाबाईंनी मान वळवून आपली ओळ बघितली. मग सुनेची बघितली.

“अकरा वर्सं झाली वो,” त्या म्हणाल्या. लटारूभाऊंना मध्ये न घालता, थेट तिलाच. “धुऱ्यावर उभं राहून राहून हात गेला माहा. अन् तिथी बोलाले बी कोणी नसते.”

कोपरा रोवून झाला. सगळ्याजणी नाल्यावर हातपाय धुऊन धुऱ्यावर ओळीने वडे खात बसल्या. प्रफुल आणि फैज मोटरसायकलवरून जिलेबी घेऊन आले. सुगंधाबाईंनी तोंड मात्र धुतलं नव्हतं. बायनाबाई बोटं चाटत पुढचा हिशोब लावत होत्या. दिवाळीच्या आसपास धान कापणीला येईल, मोठे गुत्ते आत्ताच धरून ठेवायचे, तर टोळीत कोण कोण?

“मी हाये,” रंजीता म्हणाली. आणखी दोघी-तिघींनी हात वर केले.

“अन् तू वो नेपाळ?” बायनाबाईंनी विचारलं. “दिवाळीले राहाशीन ना इथी?”

सुनमायाचा हात अर्धा वर आला आणि थांबला. तिने सासूकडे पाहिलं. जिलेबीचं पान हातात धरून प्रफुलही तिकडेच बघत होता.

सुगंधाबाईंनी तोंडातला वडा सावकाश संपवला.

“धर ना वो बायना,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरच्या दोघी.”