गुप्त मतदानाचा आवाज

संपाचं मतदान गुप्त हवं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते गुप्त ठेवायचं कसं, हे काम माझ्यावर आलं. काचेच्या बरण्यांच्या त्या कारखान्यात तपासणी विभागात लागून मला नऊ महिने झाले होते. मी पदार्थविज्ञान शिकलेली, म्हणून युनियनचे सेक्रेटरी मला 'शास्त्रज्ञबाई' म्हणत आणि कुणालाच नको असलेलं काम माझ्या गळ्यात मारत.

भांडण नव्या करारातल्या एका कलमाचं होतं. आमच्याकडे एका लांब टेबलाशी बसून सहा बायका प्रत्येक बरणीवर लाकडी दांडीनं टकटक करतात आणि आवाजावरून तडा ओळखतात. तिथं आता यंत्र बसणार होतं, आणि सहाजणींची बदली दोन बस बदलून जायच्या गोदामात. त्या सहांतली एक माझी आत्या. एकोणीस वर्षं ती त्या टेबलाशी बसतेय.

"बसचं काही नाही गं," ती म्हणाली, "पण गोदामात ऐकायचं काय? खोकी?"

मागच्या वेळी चिठ्ठ्यांवरच्या फुल्यासुद्धा लोकांनी ओळखल्या होत्या. म्हणून मी काचेचे तुकडे घेतले. संपाच्या बाजूनं हिरवा, विरुद्ध पांढरा. धार घासली, प्रत्येक तुकडा काट्यावर तोलून बरोब्बर दहा ग्रॅमचा केला. पडद्याआड पत्र्याची बादली ठेवली. दुपारची पाळी सुटल्यावर अठ्ठावन्न सभासद एकामागून एक आत जाऊन आले. संपाला दोन तृतीयांश, म्हणजे एकोणचाळीस मतं लागणार होती.

मी बादली उचलणार, तेवढ्यात आत्या बाकावरूनच म्हणाली, "सदतीस. दोन कमी पडली."

"अडतीस," शेजारची म्हणाली.

"सदतीसच. पॅकिंगवाल्याचा तुकडा काठावर आपटून आत पडला, तो तू दोनदा मोजलास."

मी मोजले. सदतीस.

माझा चेहरा उतरला. वजन सारखं केलं होतं, जाडी पाहिलीच नव्हती. हिरवी काच जाड बुडाची, पांढरी पातळ. एक ठक्क वाजते, दुसरी टिंग. हे त्या सहाजणींना कळणार नाही तर कुणाला कळणार?

"म्हणजे कुणी काय टाकलं तेही कळलं?" सेक्रेटरींनी घाबरून विचारलं.

"सगळ्यांचं नाही सांगणार," आत्या म्हणाली, "पण भट्टीवाले मामा, तुम्ही? तुम्ही टिंग?"

सगळं दालन हसलं. मामा कानापर्यंत लाल झाले. एरवीही भट्टीपुढे ते लालच असतात, पण हा रंग वेगळा होता.

"ताई, मत तुमच्याविरुद्ध नव्हतं हो," ते म्हणाले. "भट्टी थंड पडली तर आतली काच गोठते, विटा तडकतात. मग संप जिंकून परत यायचं कुठं? उकिरड्यावर?"

आता कुणी हसलं नाही. आणखी दहापंधरा जणांनी माना हलवल्या. त्यांचंही तेच म्हणणं होतं.

"नुसती तापती ठेवायला किती माणसं लागतात?" मी विचारलं.

"पाळीला दोन."

"मग दोघं तापती ठेवतील. बरणी मात्र एकही निघणार नाही."

"हा कसला संप?" सेक्रेटरी कुरकुरले. "चूल पेटलेली आणि स्वयंपाक बंद!"

"भट्टी आपली," मामा म्हणाले, "बरण्या त्यांच्या. मला चालतंय."

फेरमतदान लगेच घेतलं. या वेळी मी बादलीत घोंगडी अंथरली आणि टेबलाच्या सहाजणींची मतं आधी घेऊन त्यांना अंगणात पाठवलं. खिडकीतून आत्या दोनदा ओरडली, "कानाला काही नाही, जिवाला चैन नाही!"

चौपन्न हिरवे निघाले.

दुसऱ्या दिवशी दहाला वाटाघाटी. टिपणं घ्यायला मी होते. मॅनेजर निवांत होते. "भट्टी विझवायला तुमचाच हात धजणार नाही," ते सेक्रेटरींना म्हणाले.

"विझवतंय कोण? मामांनी पाळ्यासुद्धा लावून ठेवल्यात. बरण्या तेवढ्या बंद, कितीही दिवस."

मॅनेजरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग फोन करायला बाहेर गेले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कलम बदललं होतं: यंत्र येईल, पण टेबल आणि सहाही जणी इथेच राहतील, आणि यंत्रानं बाद केलेली बरणी त्यांनी ऐकल्याशिवाय भंगारात जाणार नाही.

मी धावतच टेबलाकडे गेले. आत्यानं ते कलम माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"'इथेच' असं लिहिलंय ना? तोंडी नाही ना?"

"लिहिलंय. खाली सह्या आहेत."

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"आणि ते यंत्र कधी येणार?"

"दोन महिन्यांनी."

"येऊ दे बिचारं," पुढची बरणी ओढत ती म्हणाली. "नवं आहे. शिकेल हळूहळू."